पूर्ण दिवस शाळा द्या : कोल्हापुरातल्या शाळांना एका बापाचं खुलं पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
कोल्हापूर शहर व जिल्हा

विषय : डाउन सिंड्रोम आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या मुलांना शाळा सुटायच्या आधी घरी न पाठवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. त्याला डाउन सिंड्रोम आहे आणि त्याच्या जोडीला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि अतिचंचलपणाची अडचण आहे. शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. सकाळी पोराला शाळेत सोडून मी शटर उघडतो, जॉब लावतो, आणि बऱ्याचदा पहिला जॉब उतरायच्या आत शाळेतून फोन येतो : "आज काही ऐकायलाच तयार नाही, न्यायला येता का?" मी मशीन बंद करून निघतो. मला जमणार नसलं तर त्याची आई जाते. तिनं नोकरी सोडली ती या फोनपायीच.

हा फोन आम्हा एकट्यांना येतो असं नाही. स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या आया एकमेकींशी बोलतात ते याच्याबद्दलच. कुणाचं मूल मधल्या सुट्टीपर्यंतच बसवून घेतात. कुणाला आठवड्यातले ठरावीक दिवसच पाठवा म्हणून सांगतात. कुणाच्या आईला रोज व्हरांड्यात बसून राहावं लागतं, पोर वर्गातून उठलं की तिनं उठायचं. हजेरीपटावर मात्र ही सगळी मुलं हजर असतात. म्हणून कुठल्याही एका शाळेचं नाव न घेता हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहितोय.

माझं मागणं एवढंच आहे की या मुलांना शाळेचा पूर्ण दिवस मिळावा. आणि तो देता यावा म्हणून आधी एक गोष्ट समजून घ्या. आमच्या पोराचं सारखं उठणं, पळणं, दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच घुसणं म्हणजे डाउन सिंड्रोम नव्हे. ती वेगळी अडचण आहे. तिला वेगळे उपाय आहेत आणि त्यातले बरेचसे वर्गातच करायचे आहेत.

"असल्या पोरांचं असंच असतंय." हे वाक्य मी गल्लीत ऐकलंय, शाळेत ऐकलंय आणि दवाखान्यातही ऐकलंय. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट तो आमचं सांत्वन करत असतो. पण या वाक्यानं आमची काही वर्षं खाल्ली. कारण एकदा "असंच असतंय" म्हटलं की पुढं बघायचं कारणच उरत नाही. डाउन सिंड्रोम असलेली आणि तासभर एका जागी बसून चित्र रंगवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आया शाळेच्या फोनला घाबरत नाहीत. मग आमचाच पोरगा दोन मिनिटंही का टेकत नाही, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

डाउन सिंड्रोम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, या मुलांच्या पेशीत सहसा ४७ असतात. एकविसावं गुणसूत्र दोनच्या जागी तीन येतं. आईनं ग्रहण पाळलं नाही, गरोदरपणात काही खाल्लं, अशा गोष्टींशी त्याचा काडीचा संबंध नाही. शिकण्याचा वेग कमी असतो, बोलणं उशिरा येतं, स्नायू सैल असतात. जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. आमच्याही पोराचं ऑपरेशन तान्हेपणी झालं. हे सगळं डॉक्टर सांगतात, आणि डाउन सिंड्रोम चेहऱ्यावरून ओळखूही येतो. एडीएचडी चेहऱ्यावर दिसत नाही. मेंदूत जी यंत्रणा स्वतःला आवरायला लावते, एका कामावर लक्ष धरून ठेवते, आधी काय आणि नंतर काय याचा क्रम लावते, तिच्यात ही अडचण असते. मुलाला कळत नाही असा त्याचा अर्थ नाही. कळलेलं त्या क्षणाला वापरता येत नाही.

आता या दोन्ही गोष्टी एकाच पोरात आल्या की काय होतं ते बघा. बाई म्हणतात, "दप्तर ठेव, वही काढ आणि फळ्यावरचं लिहून घे." डाउन सिंड्रोममुळे कानानं ऐकलेली लांब सूचना डोक्यात टिकत नाही; डोळ्यांनी पाहिलेलं मात्र चांगलं टिकतं. एडीएचडीमुळे दप्तर ठेवता ठेवता त्याचं लक्ष खिडकीबाहेरच्या कावळ्याकडं गेलेलं असतं. तीन कामांपैकी एकही होत नाही. बाईंना वाटतं, मुद्दाम करतोय. त्या आवाज चढवतात. तो घाबरतो आणि जमिनीवर फतकल मारून बसतो. एकदा बसला की दोन माणसांनी उचलायचं म्हटलं तरी उठत नाही. मग फोन येतो. पण या सगळ्याची सुरुवात तीन कामं एका दमात सांगितली तिथं झाली, हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

एडीएचडीचं निदान आमच्याकडं उशिरा झालं, आणि व्हायच्या आधी बऱ्याच तपासण्या झाल्या. ते योग्यच होतं. शिक्षकांनाही हे ठाऊक असावं म्हणून सांगतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत थायरॉइडचा त्रास बऱ्याचदा आढळतो, म्हणून दरवर्षी रक्त तपासावं लागतं. कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं. मूल ऐकत नाही असं आपल्याला वाटतं आणि खरोखरच त्याला नीट ऐकू येत नसतं. डोळ्यांचा नंबर असतो. झोपेचा प्रश्न तर मोठाच. श्वासाची वाट अरुंद, टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेले, त्यामुळं झोपेत श्वास अडतो आणि रात्रभरात नीट झोप लागत नाही. मोठा माणूस झोप झाली नाही की पेंगतो. लहान मूल उलट जास्त वळवळतं, चिडतं, पळतं. आमचा पोरगा घोरायचा आणि मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचा. ॲडेनॉइडचं ऑपरेशन झालं, घोरणं थांबलं, सकाळची चिडचिड बरीच कमी झाली. पळणं मात्र राहिलं. लक्ष न टिकणं राहिलं. मग डॉक्टरांनी त्याच्या वयाशी नव्हे, तर त्याच्या समजेच्या पातळीशी ताडून बघितलं. पाच वर्षांच्या मुलाइतकी समज असलेल्या पोरानं जेवढं बसायला हवं, तेवढंही हा बसत नव्हता. घरातही नाही, शाळेतही नाही, पाहुण्यांच्या लग्नातही नाही. तेव्हा कुठं एडीएचडी कागदावर आलं.

इथं शाळेचं काम फार मोठं आहे. हे निदान करताना लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसतात का, ते पाहतात. म्हणून डॉक्टर शिक्षकांसाठी एक प्रश्नावली देतात. ती आमच्यावर उपकार म्हणून भरू नका आणि शेरा मारायचा म्हणूनही भरू नका. जे दिसतं ते लिहा. "फार त्रास देतो" या शेऱ्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "गोष्ट सांगताना पाच मिनिटं बसतो, फळ्यावरून उतरवून घ्यायचं म्हटलं की लगेच उठतो" असं लिहिलं तर त्यातून पोराचं भलं होतं. आणि औषधाबद्दल एक विनंती. "गोळी सुरू करा, मग पाठवा" असं काही पालकांना शाळेतून सांगितलं जातं. एडीएचडीवर औषधं आहेत, अनेक मुलांना त्यांचा चांगला उपयोगही होतो. पण हृदयाचं ऑपरेशन झालेल्या पोराला ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येत नाहीत, आणि थोड्या मात्रेनं सुरू करून भूक, झोप, नाडी बघत बघत वाढवावी लागतात. तो निर्णय डॉक्टरांचा आणि आमचा. शाळेत यायची ती अट असू शकत नाही.

आता कागदाची एक अडचण. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. त्यात बौद्धिक अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळं आमच्या पोराच्या युडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर, बौद्धिक अक्षमता एवढंच आहे. शाळेच्या फायलीला तेवढंच कार्ड लागतं आणि दुसरी अडचण तिथंच गळून पडते. फायलीत डॉक्टरांचं निदानपत्रही लावून घ्या. कार्डापेक्षा वर्गशिक्षकांना त्याचाच उपयोग जास्त होईल.

हे सगळं वर्गात निभावतं का? निभावतं. मी ते दुसरीत पाहिलंय.

दुसरीच्या बाईंनी पुठ्ठ्याची एक लांब पट्टी केली होती. तिच्यावर वेल्क्रोनं चित्रं चिकटवलेली. हात जोडलेली मुलं म्हणजे प्रार्थना. मग पाटी, पुस्तक, डबा, चेंडू, रंगपेटी आणि शेवटी कौलारू घर. एक काम झालं की पोरानं स्वतः उठायचं, ते चित्र ओढून काढायचं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. वेल्क्रो निघताना चर्र आवाज होतो तो त्याला फार आवडायचा, आणि त्या आवाजासाठी तो हातातलं काम संपवायचा. आधी दर थोड्या वेळानं "घरी? घरी?" म्हणून बाईंचा पदर ओढायचा, ते बंद झालं. घर कुठं आहे ते त्याला समोर दिसत होतं, आणि मध्ये किती चित्रं उरली आहेत तेही दिसत होतं. बाई त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगायच्या, त्याच्या समोर येऊन, त्याचं नाव घेऊन. सांगितलेलं करताना दिसला की लगेच शाबासकी द्यायच्या, दिवसअखेरीस नव्हे. तो चुळबुळायला लागला की खडूचा डबा शेजारच्या वर्गात देऊन यायला सांगायच्या. त्याला उठायला कारण मिळायचं, आणि परत आल्यावर तो जागेवर बसायचा.

दुसरी गोष्ट बाकाची. डाउन सिंड्रोमच्या मुलांची उंची कमी असते. शाळेच्या बाकावर बसल्यावर आमच्या पोराचे पाय जमिनीपासून चांगले वितभर वर लोंबकळायचे. स्नायू सैल, पायाला आधार नाही, त्यामुळं पाठ धरून ठेवता येत नाही. मग तो घसरायचा, वर सरकायचा, गुडघ्यावर बसायचा, उभा राहायचा. आम्ही सगळे याला चंचलपणा म्हणत होतो. ऑक्युपेशनल थेरपी (बसणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणूनचे उपचार) करणाऱ्या मॅडमनी वर्गातला त्याचा एक फोटो बघितला आणि म्हणाल्या, आधी पाय टेकवा. मी वर्कशॉपमध्ये अँगलच्या पट्ट्यांचं ठेंगणं स्टूल वेल्ड करून घेतलं. सरकू नये म्हणून खाली रबर लावलं, वर खरखरीत शीट लावलं. बाकाखाली ते ठेवल्यावर दोन्ही पाय सपाट टेकले. एडीएचडी त्यानं गेलं नाही, जाणारही नाही. पण अर्धी वळवळ अंगाच्या अवघडलेपणाची होती, ती पहिल्या आठवड्यातच कमी झाली.

त्या वर्षी फोन क्वचितच आला. पुढच्या जूनमध्ये वर्ग बदलला, बाई बदलल्या. भिंतीवरची पट्टी रंगकामात निघाली ती पुन्हा लागली नाही. स्टूल अडगळीच्या खोलीत गेलं. नव्या बाईंना कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळं मी त्यांना दोष देत नाही. पण दुसरीच्या बाईंनी वर्षभर निरखून जे शोधून काढलं होतं ते एका उन्हाळी सुट्टीत पुसलं गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं. एप्रिलमध्ये निकालपत्रक देताना जुन्या वर्गशिक्षकांनी नव्यांसाठी एक पानभर लिहून ठेवलं, काय केल्यावर हा बसतो, कशानं बिघडतो, भूक लागली की काय करतो, तर एवढ्यानं केवढा फरक पडेल. त्या एका पानाला पैसे लागत नाहीत, की कुणाची परवानगी.

"आवडीचं असलं की बरोबर बसतो, म्हणजे नाटक करतो" असंही म्हणतात. आपल्याकडं पेठेपेठेत फुटबॉल. शाहू स्टेडियमवर सामना असला की आमचा पोरगा माझ्या मांडीवर अख्खा हाफ बसतो, चेंडूवरून नजर हलवत नाही. हे नाटक नव्हे. एडीएचडीमध्ये लक्ष नसतंच असं नाही. हवं तिथं, हवं तेव्हा ते वळवता येत नाही. ज्यात गोडी आहे तिथं ते आपोआप लागतं. मग त्या गोडीचाच उपयोग करा. आमच्या पोराला बेरीज शिकवली ती गोलांच्या हिशेबावर.

खेळाचा विषय निघालाच आहे तर पीटीच्या सरांसाठी एक गोष्ट, कारण हिच्यात जीवाला धोका आहे. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके ढिले असतात. कोलांटउडी, डोक्यानं चेंडू मारणं, कुस्ती यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नका. आपल्या गावात पोरगं जरा अंगानं भरलं की तालमीत घाला म्हणणारे खूप. आमच्या घरातही होते. चालण्यात फरक पडला, मान दुखायला लागली, हात लुळे वाटले, आवरता येणारी लघवी पुन्हा कपड्यात व्हायला लागली, तर वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. पळणं, पोहणं, नाचणं, पायानं चेंडू मारणं हे मात्र डॉक्टरांनी हो म्हटलं की भरपूर करू द्या.

आणि फाटक. ही मुलं पळतात तेव्हा मागं वळून बघत नाहीत. रस्ता, गाडी, अनोळखी माणूस, कशाचं भय नाही. गळीत हंगामात शाळेसमोरून उसाच्या डबल ट्रॉल्या जातात. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही, आणि त्याचा ब्रेक लगेच लागतही नाही. एकदा आमचा पोरगा त्या रस्त्यावर गेला होता. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलानं धावत येऊन त्याला धरलं. फाटकाला पोराच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर कडी हवी, आणि ती लावायची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाची हवी. त्यासाठी आईला दिवसभर व्हरांड्यात बसवणं हा उपाय नाही. आई तिथं असली की पोर वर्गात बसतच नाही. त्याचा डोळा सारखा तिच्याकडं लागलेला असतो.

इतर मुलांच्या पालकांची तक्रार येते, मला ठाऊक आहे. आमच्या पोरानं ढकललंय, ओढलंय, नको म्हणत असलेल्या मुलीला मिठी मारली आहे. ज्यांच्या मुलाला लागलं त्यांना राग येणारच, आणि तो रास्त आहे. पण त्याच्या तोंडात शब्द नसतो तेव्हा तो हातानं बोलतो. त्याला शिक्षा नको, दुसरी खूण हवी. "थांब" म्हणून तळहात दाखवणं, "मला दे" म्हणून हात पुढं करणं, मिठीऐवजी टाळी देणं, हे शिकवलं की येतं. वेळ लागतो एवढंच. वर्गातल्या पोरांना तर आमच्यापेक्षा लवकर येतं. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा तळहात दाखवून त्याला थांबवतो आणि तो थांबतो. सातव्या-आठव्या वर्षी हे शिकलेली मुलं उद्या याच गावात दुकानं चालवतील, केएमटीच्या बस चालवतील, दवाखान्यात बसतील. आमची मुलं त्यांच्याच गावात म्हातारी होणार आहेत.

शिक्षकांवरचा भार मला दिसतो. भरलेला वर्ग, ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीचं काम, आणि त्यात हा एक पोरगा. विशेष शिक्षक येतात, पण एकाकडं अनेक शाळा असल्यावर ते एका मुलाला किती वेळ देणार? सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं की प्राथमिकच्या वर्गांत विशेष गरजा असलेल्या दर १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. ही मागणी आम्ही पालक करतोच आहोत. तुमचीही सही तिच्यावर पडली तर वजन वाढेल. मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेत अशी मुलं किती आणि विशेष शिक्षक किती वेळ येतात, हे लिहून वरिष्ठ कार्यालयाला पाठवावं. आमचा पोरगा अर्ध्या वेळेत घरी गेला की ही गरजच कागदावरून नाहीशी होते. मग पद मंजूर तरी कशाच्या जोरावर होणार?

कायद्याचं जास्त बोलत नाही. ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क २०१६ च्या कायद्यानं दिला आहे. मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असंही तोच कायदा म्हणतो. पायाखालचं स्टूल, चित्रांची पट्टी, फाटकाची कडी या त्यातल्याच सोयी आहेत. काही मुलांना विशेष शाळाच जास्त मानवते, आणि तिथं जीव ओतून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ती निवड पालकांनी विचार करून करायची असते. रोजच्या फोनला कंटाळून केलेली ती निवड नव्हे.

या गावाला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल घरी राहणं ही सरकारच्या काळजीची गोष्ट आहे, असं त्या काळात इथं ठरलं. १९८४ साली याच शहरात नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस शिकू शकतो, कमावू शकतो, हे कोल्हापूरनं डोळ्यांनी पाहिलं. चाकाच्या खुर्चीसाठी उतार लागतो, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या मुलांना काय लागतं, तेही इतकंच सगळ्यांना ठाऊक व्हायला हवं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना शेवटची विनंती. सरकारी आणि अनुदानित शाळांत समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे हे पत्र मी पालकांनाच लिहितोय. जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घ्या : आपल्या शाळेतल्या कोणत्या मुलाला वेळेआधी घरी पाठवलं जातं, आणि का. ज्या दिवशी पाठवलं त्या दिवशी किती वाजता आणि कशासाठी, हे वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि त्या मुलाच्या आईवडिलांना बैठकीला बोलवा. पूर्ण दिवस एकदम जमत नसेल तर मधल्या सुट्टीपासून सुरुवात करा आणि दर महिन्याला एकेक तास वाढवा. पण वाढवायचं कधी, ते आधी लिहून ठरवा. नाहीतर मधली सुट्टी हीच त्याची शाळा सुटण्याची वेळ होऊन बसते.

माझ्याकडून मी काय करू शकतो तेही सांगतो. कोल्हापुरातल्या ज्या कुठल्या शाळेत अशा मुलाचे पाय बाकावरून लोंबकळत असतील, त्या शाळेनं बाकाची जमिनीपासूनची उंची आणि मुलाची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजून मला कळवावी. पाय टेकायचं स्टूल मी करून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
तिसरीतल्या एका मुलाचा बाप
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर